दूध कोणाच्या पोटात आणि कशाच्या जागी?

२०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ६१ हजार स्त्रिया आणि ४५ हजार पुरुषांच्या खाण्यापिण्याची माहिती त्यांनी अनेक वर्षांच्या वैद्यकीय नोंदींशी ताडून पाहिली होती. दिवसाला तीन किंवा त्याहून जास्त ग्लास दूध पिणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. हाडं मोडण्याचं प्रमाणही कमी व्हायच्या ऐवजी जास्तच दिसलं. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, २१ देशांतल्या १ लाख ३६ हजार माणसांचा अभ्यास आला आणि त्याचा निष्कर्ष नेमका उलटा होता. दुग्धजन्य पदार्थ अजिबात न खाणाऱ्यांपेक्षा ते रोज दोनदा-तीनदा खाणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी, हृदयविकार कमी, पक्षाघातही कमी.

अशा दोन बातम्या वाचल्या की माणूस वैतागतो आणि ‘या शास्त्रज्ञांचं काही खरं नाही’ म्हणून सोडून देतो. मला हे सोडून देणं फार नुकसानीचं वाटतं, कारण दोन्ही अभ्यास प्रामाणिक होते. फरक त्यांनी पाहिलेल्या माणसांत होता. स्वीडनमधले लोक मुळात पोटभर, प्रथिनयुक्त खाणारे. त्यांच्या ताटात दूध वरून भर घालत होतं. दुसऱ्या अभ्यासात असे कितीतरी प्रदेश होते जिथे रोजचं जेवण म्हणजे मुख्यतः धान्य आणि पिष्टमय पदार्थ. तिथे एक ग्लास दूध आलं की त्याबरोबर जेवणात नसलेली प्रथिनं, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं आली. आणखी एक गोष्ट बातम्यांत हरवली. स्वीडनच्याच अभ्यासात दही आणि चीज खाणाऱ्या स्त्रियांचं चित्र दूध पिणाऱ्यांच्या उलट, म्हणजे चांगलं होतं.

शिवाय दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे. कोण काय खातं हे विचारायचं आणि पुढे त्यांचं काय होतं ते पाहायचं. यातून दोन गोष्टी जोडीने चालतात एवढं कळतं, एकीमुळे दुसरी घडते हे सिद्ध होत नाही. स्वीडनच्या संशोधकांनी स्वतःच आपल्या निष्कर्षाचा अर्थ जपून लावा असं लिहिलं होतं.

म्हणून ‘दूध चांगलं की वाईट’ या प्रश्नाला मी उत्तरच देणार नाही. दूध कोणत्या रूपात, कोणाच्या पोटात, किती आणि कशाच्या जागी, हे विचारलं तर बरंच काही नक्की सांगता येतं.

दुधात असतं काय

गायीच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. उरलेल्यात जवळपास ५ टक्के दुग्धशर्करा म्हणजे लॅक्टोज, साडेतीन-चार टक्के चरबी आणि सव्वातीन टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. म्हशीच्या दुधात चरबी ६ ते ८ टक्क्यांपर्यंत जाते. प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असतं. दूध फाटल्यावर जो चोथा तयार होतो तो मुख्यतः याचाच. उरलेली २० टक्के प्रथिनं निवळीत जातात. ही दोन्ही उत्तम दर्जाची प्रथिनं, कारण शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्लं त्यांत आहेत. याखेरीज कॅल्शियम, फॉस्फरस, बी-१२ आणि बी-२ ही जीवनसत्त्वं. मांस-मासे न खाणाऱ्यांसाठी यातलं बी-१२ फार मोलाचं, कारण ते वनस्पतींतून जवळजवळ मिळतच नाही. दुधात नसतं ते लोह. ते नावापुरतंच असतं, आणि ‘दूध हे पूर्णान्न’ असं म्हणताना आपण हेच विसरतो.

लॅक्टोजचं प्रकरण

लॅक्टोज ही दोन साखरा जोडून बनलेली साखर. ती तशीच्या तशी रक्तात जाऊ शकत नाही, आधी तिचे दोन तुकडे व्हावे लागतात. हे काम लहान आतड्याच्या अस्तरातलं लॅक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. बाळ जन्मतं तेव्हा हे विकर भरपूर असतं. बाळाचं अंगावरचं दूध सुटलं की पुढच्या काही वर्षांत ते कमी होत जातं. सस्तन प्राण्यांचा हा सर्वसाधारण नियम आहे आणि जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढ माणसांनाही तो लागू पडतो. म्हणजे ज्याला आपण पोटाचा दोष समजतो ती खरं तर मूळ अवस्था. प्रौढपणी ग्लासभर दूध सहज पचवणारा माणूसच नियमाला अपवाद.

हा अपवाद एका जनुकीय बदलामुळे घडला. युरोपीय वंशाच्या लोकांमधला बदल २००२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी शोधला. लॅक्टेजच्या जनुकाला चालू-बंद करणारी कळ शेजारच्याच दुसऱ्या जनुकात आहे आणि तिथल्या डीएनएचं एकच अक्षर बदललं की ती कळ मोठेपणीही चालू राहते. पूर्व आफ्रिकेतल्या गुरं पाळणाऱ्या समाजांत हीच किमया निराळ्या अक्षरबदलांनी, स्वतंत्रपणे घडल्याचं २००७ मध्ये दिसलं. जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या गुरांवर जगली तिथे हा बदल टिकला.

मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. आजच्या तुर्कस्तानच्या वायव्य भागात सापडलेल्या, जवळपास ९ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापऱ्यांत दुधाच्या चरबीचे अंश मिळाले आहेत. पण प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएत हा जनुकीय बदल सर्रास दिसू लागतो तो त्यानंतर हजारो वर्षांनी. म्हणजे मधली हजारो वर्षं माणसं दूध वापरत होती आणि त्यांतल्या बहुतेकांकडे ते पचवायचं विकर मोठेपणी नव्हतं. दूध आंबवलं की ही अडचण बरीच कमी होते, कारण आपल्या पोटाचं काम जिवाणू आधीच करून टाकतात.

विकर कमी असलं की लॅक्टोज न पचता मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू ते आंबवतात, गॅस होतो. न पचलेली साखर पाणीही ओढून घेते. मग पोट फुगणं, गुडगुडणं, मुरडा, कधी जुलाब. त्रास खरा असतो, पण त्याने आतड्याला इजा होत नाही. आणि तो मात्रेवर अवलंबून असतो. विकर कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक ग्लास दूध, फारसा त्रास न होता चालतं. जेवणाबरोबर घेतलं तर आणखी सोपं जातं, कारण पोट हळूहळू रिकामं होतं आणि थोडक्या विकरालाही वेळ मिळतो.

रूप बदललं की लॅक्टोजही बदलतं. विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज खाऊन टाकतात, आणि जिवंत दह्याबरोबर पोटात गेलेले जिवाणू उरलेलं पचवायला हातभार लावतात. दही उकळलं तर हे जिवाणू मरतात आणि हा दुसरा फायदा जातो. महिनोन्‌महिने मुरवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळपास उरत नाही. लोणी आणि तुपातही नगण्य असतं. पनीरमधलं बरंचसं निवळीबरोबर निघून जातं. दूध पावडरमध्ये मात्र पाणी काढल्यामुळे ते एकवटतं. बाजारातल्या ‘लॅक्टोज-फ्री’ दुधात लॅक्टेज आधीच मिसळलेलं असतं. त्याचं पोषण नेहमीच्या दुधासारखंच असतं, चव जरा गोड लागते.

जुलाब-उलट्यांच्या मोठ्या आजारानंतर काही दिवस-आठवडे दूध सोसत नाही, तेही याच कारणाने. आतड्याचं अस्तर दुखावलेलं असतं, ते भरून आलं की दूध पुन्हा चालू लागतं. अशा वेळी मुलाचं दूध कायमचं तोडू नये. दुसऱ्या बाजूने, दूध बंद करूनही जुलाब थांबत नसतील, वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर लॅक्टोजला दोष देत बसू नये. डॉक्टरांना दाखवावं.

दुधाची ॲलर्जी हे संपूर्ण वेगळं प्रकरण आहे. इथे साखरेचा संबंध नाही. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजते. हे बहुतांशी तान्ह्या आणि लहान मुलांत दिसतं. अंगावर गांधी उठतात, ओठ-चेहरा सुजतो, उलट्या होतात, क्वचित श्वास कोंडतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. अशा मुलाला घोटभर दूधसुद्धा धोक्याचं. त्याला लॅक्टोज-फ्री दूध देऊन उपयोग नाही, कारण प्रथिनं त्यात तशीच असतात. शेळीचं दूधही चालत नाही, कारण तिची प्रथिनं गायीच्या प्रथिनांशी फार मिळतीजुळती असतात. सुदैवाने बहुतेक मुलांची ही ॲलर्जी मोठेपणी ओसरते, पण ती ओसरली की नाही हे घरी घोट पाजून तपासायचं नसतं.

हाडं

दुधाचं नाव काढलं की पहिली आठवण हाडांची येते. ग्लासभर, म्हणजे २५० मिलिलिटर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. प्रौढ माणसाची रोजची गरज १,००० मिलिग्रॅमच्या आसपास. दुधातलं सुमारे ३० टक्के कॅल्शियम शरीर शोषून घेतं. पालकात कागदोपत्री कॅल्शियम भरपूर, पण त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे जेमतेम ५ टक्के हाती लागतं. याउलट ब्रोकोलीसारख्या काही भाज्यांतलं कॅल्शियम दुधापेक्षाही चांगलं शोषलं जातं, फक्त भाजी खूप खावी लागते.

इथवर सगळं दुधाच्या बाजूने. पण पोटभर जेवणाऱ्या प्रौढाने आणखी दूध प्यायलं तर हाड मोडायचं टळतं का? २०१५ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा आहारातून किंवा गोळ्यांतून कॅल्शियम वाढवल्यावर हाडांची घनता एक-दोन टक्केच वाढलेली दिसली आणि हाडं मोडण्यापासून संरक्षण मिळाल्याचा पुरावा कमकुवत निघाला. हाड म्हणजे कॅल्शियमचा साठा नव्हे. त्याला ड जीवनसत्त्व लागतं, प्रथिनं लागतात आणि वजन पेलणारी हालचाल लागते. बहुतेकांची हाडं तिशीच्या आसपास सर्वांत भरीव होतात, म्हणून बालपणीचं आणि तारुण्यातलं खाणं जास्त मोलाचं.

मग म्हातारपणी दुधाचा काहीच उपयोग नाही? ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमांत झालेल्या चाचणीने याचं सुंदर उत्तर दिलं. २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ६० वृद्धाश्रम, ७,१९५ रहिवासी, सरासरी वय ८६. त्यांना ड जीवनसत्त्व पुरेसं मिळत होतं, पण कॅल्शियम दिवसाला ६०० मिलिग्रॅमच्या आसपासच आणि प्रथिनंही गरजेपेक्षा कमी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्मे वृद्धाश्रम निवडले आणि तिथल्या स्वयंपाकघरांतून जेवणात दूध, दही आणि चीज वाढवलं. कॅल्शियम ११०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं, प्रथिनंही वाढली. दोन वर्षांत त्या वृद्धाश्रमांत हाडं मोडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी झालं, खुब्याचं हाड मोडण्याचं ४६ टक्क्यांनी आणि पडण्याचं ११ टक्क्यांनी. पडणं कमी झालं याकडे माझं लक्ष सर्वांत जास्त गेलं. प्रथिनांमुळे पायांतली ताकद टिकली असावी, असं याचं सरळ स्पष्टीकरण देता येतं. आयुष्य मात्र वाढलेलं दिसलं नाही.

२०१५ चा आढावा आणि ही चाचणी एकमेकांना खोडत नाहीत. आढाव्यातल्या अनेकांचं ताट आधीच भरलेलं होतं. वृद्धाश्रमातल्या माणसांचं रिकामं होतं. तुमच्या घरी अर्धी पोळी खाऊन उठणारे आजोबा असतील तर त्यांच्या वाटीतल्या दह्याची किंमत तुमच्या वाटीतल्या दह्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

साय, लोणी आणि हृदय

दुधाच्या चरबीत जवळपास दोन तृतीयांश संपृक्त चरबी असते. ती रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल वाढवते. लोण्याच्या बाबतीत हे चाचण्यांतून स्पष्ट झालेलं आहे. पण तेवढीच चरबी चीजमधून घेतली तर एलडीएल लोण्याइतकं वाढत नाही, असं वारंवार दिसलं आहे.

असं का व्हावं? दुधातली चरबी बारीक थेंबांच्या रूपात असते आणि प्रत्येक थेंबावर एक पातळ पापुद्रा असतो. घुसळलं की हा पापुद्रा फाटतो, आतली चरबी एकत्र येऊन लोणी होतं आणि पापुद्र्याचा बराचसा भाग ताकात जातो. २०१५ च्या एका स्वीडिश चाचणीत ८ आठवडे दोन गटांना रोज ४० ग्रॅम दुधाची चरबी दिली, एकाला पापुद्र्यासकट सायीच्या रूपात, दुसऱ्याला पापुद्रा काढलेल्या, तुपासारख्या रूपात. एलडीएल दुसऱ्या गटात वाढलं, पहिल्यात नाही. चाचणी छोटी होती, तिच्या जोरावर सायीच्या वाट्या रिकाम्या करू नयेत. पण पदार्थावरची चरबीची टक्केवारी वाचून सगळं कळत नाही, हे यातून पटतं.

इथेही ‘कशाच्या जागी’ हा प्रश्न आहेच. लोण्याच्या जागी शेंगदाणा, सोयाबीन किंवा मोहरीसारखं तेल आलं तर हृदयाला फायदा. लोण्याच्या जागी साखर आणि मैदा आला तर फायदा नाही. आईस्क्रीम, गोड सुगंधी दही, साखरेची दुधाळ पेयं यांना दुधाच्या रांगेत बसवण्यापेक्षा गोडाच्या रांगेत बसवलेलं बरं. चीजमधल्या मिठाकडेही रक्तदाब असलेल्यांनी लक्ष द्यावं.

रक्तदाबाबद्दल एक जुनी आणि भक्कम चाचणी आहे, १९९७ ची. नुसती फळं-भाज्या वाढवल्यावर वरचा रक्तदाब सरासरी २.८ अंकांनी उतरला. त्याबरोबर कमी चरबीचे दुग्धजन्य पदार्थ दिले आणि एकूण संपृक्त चरबी घटवली तेव्हा ५.५ अंकांनी. सगळं श्रेय दुधाचं नाही, पण दूध त्या आहाराचा भाग होतं.

कर्करोगाचं थोडक्यात सांगते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुग्धजन्य पदार्थांमुळे बहुधा कमी होतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पुरुषांतल्या प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका खूप दूध घेतल्याने वाढत असावा असे संकेत आहेत, पण पुरावा मर्यादित आहे. मुरुमांचा आणि दुधाचा संबंधही निरीक्षणांतच दिसतो. फार मुरुमं येत असतील तर महिनाभर दूध कमी करून पाहायला हरकत नाही. दुधाने कफ वाढतो हे मात्र चाचण्यांत दिसलेलं नाही. दूध लाळेत मिसळून घशाशी जरा दाटपणा येतो, तोच कफ वाटतो.

जिथे जपायलाच हवं

एक वर्षाखालच्या बाळाला मुख्य आहार म्हणून गायी-म्हशीचं वरचं दूध देऊ नये. त्यात लोह नगण्य, प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना जड, आणि काही बाळांच्या आतड्यातून त्यामुळे नकळत थोडं थोडं रक्त झिरपतं. आईचं दूध पुरत नसेल तर काय द्यायचं ते बालरोगतज्ज्ञांनी ठरवावं. एक ते तीन वर्षांच्या मुलांत उलटीच तऱ्हा दिसते. मूल जेवत नाही म्हणून बाटलीवर बाटली दूध दिलं जातं, दुधाने पोट भरतं म्हणून मूल आणखी जेवत नाही, आणि लोहाअभावी रक्त कमी होतं. दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवलं तर जेवणाला जागा उरते. रात्री तोंडात बाटली ठेवून झोपवू नये, दात किडतात.

काही औषधं दुधाबरोबर घेतली की वाया जातात, कारण कॅल्शियम त्यांना बांधून ठेवतं. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं, थायरॉईडची गोळी आणि लोहाच्या गोळ्या यांतल्याच. सकाळी थायरॉईडची गोळी आणि लगेच दूध घालून चहा, ही सवय तपासून पाहा. किती तासांचं अंतर हवं ते आपल्या डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला विचारा.

मुतखडा झाला म्हणून अनेक जण स्वतःहूनच दूध सोडतात. ४५ हजारांहून अधिक पुरुषांच्या, १९९३ मध्ये आलेल्या अभ्यासात आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झालेले दिसले. जेवणातलं कॅल्शियम खडे बनवणाऱ्या ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधून बाहेर नेतं, म्हणून. पण मूत्रपिंडं निकामी होत चाललेल्या रुग्णांना दुधातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम त्रासदायक ठरू शकतं. त्यांनी प्रमाण विचारूनच घ्यावं.

निरसं, धारोष्ण दूध पिण्याचं कौतुक अलीकडे पुन्हा ऐकू येतं. मला त्याची खरोखर काळजी वाटते. क्षयाचे काही जंतू, ब्रुसेला, साल्मोनेला, लिस्टेरिया हे सगळे निरशा दुधातून येऊ शकतात. गरोदर बाईला लिस्टेरिया झाला तर गर्भ दगावू शकतो. ७२ अंश सेल्सियसवर १५ सेकंद तापवलं तरी हे जंतू मरतात, आणि त्यात प्रथिनं किंवा कॅल्शियम कमी होत नाही. निरशा दुधाने लॅक्टोज पचायला मदत होते हा दावाही चाचणीत टिकला नाही.

आणि ज्यांनी ॲलर्जीमुळे, प्राण्यांच्या काळजीपोटी किंवा नुसतं आवडत नाही म्हणून दूध सोडलं आहे, त्यांचंही चांगलं चालू शकतं. दुधाच्या जागी काय येतं तेवढं पाहायचं. सोयाबीनच्या पेयात प्रथिनं दुधाच्या जवळपास असतात. बदामाच्या आणि तांदळाच्या पेयात अगदीच कमी. कॅल्शियम आणि बी-१२ वरून घातलेलं आहे का ते वेष्टणावर वाचायचं, नसेल तर दुसरीकडून मिळवायचं. आणि कॅल्शियम घातलेलं पेय असेल तर खोका दर वेळी नीट हलवून मगच ग्लासात ओतायचं, कारण ते कॅल्शियम तळाशी जाऊन बसतं.